एका खिळ्यावर दोन कार्डं

१

मास्तर सकाळचा चहा पीत होते, तेवढ्यात त्यांच्या निधनाबद्दल सांत्वन करणारं पत्र आलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. पन्नास वर्षं त्यांनी चौकातल्या दुकानात लोकांचे कोट शिवले होते. गेल्या पाच महिन्यांत फुप्फुसाच्या आजाराने त्यांना खिडकीजवळच्या पलंगावर आणून टाकलं होतं. आजार बरा होणारा नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण म्हणून कुणी इतकी घाई करावी असं काही त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी थोरल्या बहिणीला पत्र मोठ्याने वाचायला लावलं.

“‘आपल्या भावाची अखेरच्या दिवसांत सेवा करण्याची संधी आम्हाला मिळाली...’” ताईंना पुढे वाचवेना.

“पुढे वाच की. शांतपणे गेलो, की सगळ्यांना त्रास देऊन?”

“तुला थट्टा सुचतेय!”

“अगं, मेलेल्याने थट्टा नाही करायची तर कुणी करायची?”

ताई हसून सोडून देणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या सोमवारी दुपारी बारा वाजता ते पत्र मुठीत धरून त्या परवाना खात्यात गेल्या आणि मोजणीबाईंच्या टेबलावर त्यांनी ते आपटलं.

मोजणीबाईंचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वापरत नसे. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, अशा माणसांच्या घरी सिस्टर पाठवून अखेरपर्यंत त्यांचं दुखणं सुसह्य करणारी जी केंद्रं होती, त्यांचे परवाने मोजणीबाईंच्या हातात होते. त्या केंद्रात जात आणि मोजत. सिस्टर किती, रुग्ण किती, ऑक्सिजनची नळकांडी किती, खोकल्याच्या बाटल्यासुद्धा किती. एकदा मोजलं की दुसऱ्यांदा मोजावं लागत नाही, असा त्यांचा स्वतःबद्दलचा समज होता. तो सहसा खराही असे.

पत्र पाठवणाऱ्या केंद्राची फाइल त्यांच्या टेबलावरच होती. परवान्याची मुदत दुसऱ्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी पाचला संपत होती. तपासणी झालेली होती, फक्त सही राहिली होती. सही झाली नाही तर बुधवारपासून त्या केंद्राची सिस्टर कुणाच्याही उंबऱ्यावर पाय ठेवू शकणार नव्हती.

मोजणीबाई तशाच उठल्या आणि ताईंबरोबर त्यांच्या घरी गेल्या. मास्तरांच्या उशाशी एक वही होती. सिस्टर आली की त्यात वेळ आणि केलेलं काम लिहायची, आणि घरच्यांनी खाली सही करायची, असा नियम होता. मोजणीबाईंनी पानं उलटली. केंद्रातल्या दोघींपैकी धाकट्या सिस्टर रोज येत होत्या. एकही खाडा नव्हता.

दाराबाहेर आल्यावर ताईंनी त्यांचा हात धरला. “रागाच्या भरात आले मी तुमच्याकडे. पण ती पोर येते म्हणून माझा भाऊ रात्री झोपतो. माझ्या तक्रारीपायी तिचं येणं बंद नाही ना व्हायचं?”

“तसं होऊ नये म्हणूनच मी बघतेय,” मोजणीबाई म्हणाल्या. नाही होणार, असं काही त्यांना म्हणता आलं नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं.

रिक्षात बसल्यावर त्यांनी पत्रावरची तारीख पाहिली. गेला बुधवार. वहीत त्याच बुधवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, धाकट्या सिस्टरनी मास्तरांच्या पाठीवरची पट्टी बदलल्याची नोंद होती. म्हणजे घरी मास्तर जिवंत होते आणि त्याच दिवशी केंद्रात ते मेलेले होते.

आणि त्या बुधवारी, सकाळी बरोबर दहाला, कुणालाही न कळवता मोजणीबाई स्वतः त्याच केंद्रात मोजायला गेल्या होत्या.

२

मंगळवारी साडेआठला त्या केंद्रात पोचल्या, तेव्हा तिथले कारकून नाना नुकतेच कुलूप काढत होते. नाना एकोणीस वर्षं त्या खुर्चीवर होते. फोन त्यांनीच उचलायचा, रजिस्टरं त्यांनीच लिहायची. केंद्रातली टाचणीसुद्धा त्यांना विचारून वाकायची, असं डॉक्टर म्हणत. नानांचा उजवा गाल जरा सुजलेला होता आणि ते तोंड वाकडं करून बोलत होते.

“इतक्या सकाळी? चहा सांगू?”

“आधी फळा दाखवा.”

कचेरीच्या भिंतीवर लाकडी फळा होता. त्यावर डावीकडे थोरल्या सिस्टरांचे बारा खिळे, उजवीकडे धाकट्यांचे बारा. प्रत्येक खिळ्यावर एका रुग्णाचं कार्ड. एका सिस्टरकडे बाराच रुग्ण, हा नियम अकरा वर्षांपूर्वी खुद्द मोजणीबाईंनी खात्याकडून करून घेतला होता. रुग्ण गेला की सिस्टरने कार्डाच्या मागे तारीख आणि वेळ लिहायची आणि ते कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. त्या डब्यातली कार्डं पाहून पत्रबाई घरच्यांना पत्रं लिहीत. पहिलं आठवड्याच्या आत, मग अधूनमधून, पुढे वर्षभर. माणूस गेल्यावरही घराला विसरायचं नाही, हीसुद्धा परवान्याची अटच होती.

मोजणीबाईंनी आधी मृत्यूचं रजिस्टर पाहिलं. त्यात मास्तरांचं नाव नव्हतं. मग त्या फळ्याकडे वळल्या. धाकट्यांच्या बाजूला, खालून दुसऱ्या खिळ्यावर मास्तरांचं कार्ड होतं. ते काढून त्यांनी उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

“म्हणजे कुणी मेल्याची नोंद केली नाही, आणि तरी पत्र गेलं,” त्या म्हणाल्या.

“पत्रबाईंच्या डोळ्यांचा घोटाळा असेल,” नाना म्हणाले. “वय झालं आता त्यांचं.”

मोजणीबाई कार्ड परत अडकवायला गेल्या आणि त्यांचा हात थांबला. खिळा रिकामा झालाच नव्हता. मास्तरांच्या कार्डाखाली त्याच खिळ्यावर आणखी एक कार्ड लटकत होतं.

त्यांनी बोट ठेवत धाकट्यांची बाजू पुन्हा मोजली. खिळे बारा, कार्डं तेरा. गेल्या बुधवारी याच फळ्यापुढे उभं राहून, कार्ड न् कार्ड उचलून बघून, त्यांनी बारा लिहिले होते आणि खाली सही ठोकली होती. त्यांनी तेराही कार्डांवरच्या दाखल झाल्याच्या तारखा वाचल्या. एकही तारीख बुधवारनंतरची नव्हती.

मोजणीबाईंची कानशिलं तापली. त्यांना कुणीतरी मोजणीतच फसवलं होतं.

३

“कोण म्हणतं माझे डोळे गेले?” पत्रबाई कडाडल्या. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि केंद्रात बिनपगारी काम करत. निरोप गेल्यावर त्या तासाभरात हजर झाल्या होत्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. “मोतीबिंदू काढलाय. गुरुवारी. आता तर मला तुमच्या केसांतला कलपसुद्धा दिसतोय.”

“कलप राहू द्या,” मोजणीबाई म्हणाल्या. “मास्तरांचं कार्ड तुम्हाला कुठे मिळालं?”

“डब्यात. नाहीतर कुठे? डब्यातून काढलं, पाकिटावर नाव-पत्ता उतरवला, कार्ड परत डब्यात. पत्र घरी निवांत लिहिलं आणि संध्याकाळी टाकलं.”

“मागे तारीख-वेळ नव्हती.”

पत्रबाई जरा नरमल्या. “मागची बाजू मी नेहमी बघते हो. पण त्या दिवशी धूसर दिसत होतं. शिवाय त्या डब्यात जिवंत माणसाचं कार्ड असेल असं कुणाच्या स्वप्नात येईल? सिस्टर मंडळी कार्ड टाकतानासुद्धा दुसरीकडे बघतात.”

“मास्तरांना ओळखत होतात?”

“चांगली ओळखत होते! आमच्या ह्यांचा कोट त्यांनी वीतभर आखूड शिवला होता. लग्नाला जायचं होतं. तीस वर्षं झाली, पण मी विसरले नाही.”

“म्हणून सूड घेतलात?”

“सूड घ्यायचा असता तर इतकं सुंदर पत्र लिहिलं असतं का?” पत्रबाईंनी अभिमानाने विचारलं.

मोजणीबाईंना तिथे एक गोष्ट मात्र खटकली. “तुम्ही तर गुरुवारी येता ना?”

“नेहमी गुरुवारीच. पण ऑपरेशन गुरुवारचं ठरलं, म्हणून त्याआधीच्या सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की या खेपेला मी बुधवारी सकाळी येऊन जाईन. सव्वादहाला आले. पायऱ्या नीट दिसत नव्हत्या म्हणून मागच्या उताराने आले. कचेरीत चिटपाखरू नव्हतं. तुम्ही सगळे ऑक्सिजनच्या खोलीत मोजामोज करत होतात. वीस मिनिटांत काम उरकून गेले.”

मग डॉक्टर आले. केंद्र त्यांनीच सुरू केलेलं होतं. माणूस देवगुणी, पण कागदाच्या बाबतीत दिवाभीत. “तेरा? अशक्य,” ते म्हणाले. “भरतीच्या कागदावर सही माझीच असते म्हणा. नाना कागद पुढे ठेवतात, मी सही करतो.”

“मोजून?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “एकोणीस वर्षांत मोजायची वेळ नाही आली.”

“पत्रबाई बुधवारी येणार हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो तर. बैठकीत मीच म्हटलं, ऑपरेशन आहे, हवं तर पत्रं पुढच्या आठवड्यावर टाका. तर त्या माझ्यावरच चिडल्या.”

थोरल्या सिस्टर बोलायला मोजक्या होत्या. त्यांनाही बैठकीतलं ठाऊक होतं. पत्रबाईंचा वर हात पुरत नाही म्हणून बुधवारी त्यांनीच डबा कपाटावरून काढून टेबलावर ठेवला होता, नऊ वाजताच. तेरावं कार्ड त्यांना दिसलं होतं का? “दुसऱ्याच्या खिळ्यांकडे मी बघत नाही,” एवढंच त्या म्हणाल्या.

मोजणीबाईंनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. तीन माणसं बोलून झाली होती आणि तिघंही खरं बोलत होती, याबद्दल त्यांची खात्री होती. नेमकं तेव्हाच दार उघडलं आणि धाकट्या सिस्टर आत आल्या. त्यांच्या खांद्याला औषधांची पिशवी होती आणि डोळे लाल झाले होते.

“कुणाला काही विचारू नका,” त्या म्हणाल्या. “कार्ड मी लपवलं.”

४

धाकट्या सिस्टर तिशीच्या आत-बाहेर होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही, बसल्याही नाहीत.

“मास्तरकाका माझ्याकडे तेरावे आले. मला माहीत होतं. मी नको म्हटलं नाही. बुधवारी तुम्ही आलात म्हणून मी त्यांचं कार्ड डब्यात टाकलं. जी काय शिक्षा असेल ती मला द्या, पण परवाना थांबवू नका. माझ्याकडे दोन घरी अशी माणसं आहेत की त्यांना उद्याचा दिवस माझ्याशिवाय जाणार नाही.”

बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. मोजणीबाईंना तेव्हा त्या फार आवडल्या. पण आवडणं वेगळं आणि पटणं वेगळं.

“बुधवारी मी किती वाजता आले?”

“दहाला.”

“आधी कळवून?”

“नाही. अचानकच.”

“म्हणजे कार्ड हललं ते मी दारात उभी राहिल्यावर आणि फळ्यापुढे पोचायच्या आधी. दहा ते दहा-पाच. बरोबर? आता मला सांगा, दहा वाजून पाच मिनिटांनी तुम्ही मास्तरांच्या पाठीवरची पट्टी कशी बदलत होतात? त्यांचं घर इथून अर्ध्या तासावर आहे. वहीत वेळ तुमच्या अक्षरात आहे, खाली ताईंची सही आहे.”

धाकट्या सिस्टर पिशवी खाली ठेवून खुर्चीत बसल्या. आपल्याच वहीने त्यांना तोंडघशी पाडलं होतं.

“तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय,” मोजणीबाई म्हणाल्या. “कुणाला, ते मी विचारत नाही. विचारलं तर तुम्ही आणखी खोटं बोलाल, आणि ते तुम्हाला जमत नाही. जा, रुग्ण वाट बघत असतील.”

“पण तुम्ही...”

“मी पाचपर्यंत इथेच आहे.”

त्या गेल्या. मोजणीबाई कचेरीत एकट्याच बसल्या आणि समोरचं एक रजिस्टर चाळू लागल्या. बिनपगारी काम करणाऱ्यांची हजेरी ठेवणं हीही परवान्याची अट होती, आणि केंद्राने ती अगदी इमानेइतबारे पाळली होती. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

मग त्यांनी खुर्चीला पाठ टेकली आणि सकाळपासून पहिल्यांदाच चहा मागवला. कुणी केलं ते त्यांना कळलं होतं.

५

तीन वाजता त्यांनी डॉक्टरांना, थोरल्या सिस्टरांना, पत्रबाईंना आणि नानांना फळ्यासमोर बसवलं.

“कालपासून मी चुकीचा प्रश्न विचारत होते,” त्यांनी सुरुवात केली. “मास्तरांना मेलेलं कुणाला दाखवायचं होतं, असा. खरं तर कुणालाच नव्हतं. रजिस्टरात नोंद नाही, कार्डाच्या मागे वेळ नाही, भेटी चालूच. कार्ड नंतर परत खिळ्यावर आलेलं. ज्याने ते काढलं त्याला फक्त एवढंच हवं होतं की मी मोजेन तेव्हा बारा भरावेत. आधी एका खिळ्यावर दोन लपवलेली होती, पण मी प्रत्येक कार्ड उचलून बघते हे त्याला माहीत होतं.”

त्यांनी खालून दुसऱ्या खिळ्यावर बोट ठेवलं.

“तर ते कार्ड घाईत कुठेतरी ठेवायला हवं होतं. त्याने डबा निवडला. का? त्या डब्यात पत्रबाईंशिवाय कुणी डोकावत नाही, आणि पत्रबाई येतात गुरुवारी. बुधवारी तो डबा म्हणजे केंद्रातली सगळ्यात सुरक्षित जागा. बरोबर?”

“पण बाई तर बुधवारी येणार होत्या,” डॉक्टर म्हणाले. “सगळ्यांना माहीत होतं.”

“तेच तर. तुम्हाला माहीत होतं, थोरल्या सिस्टरना माहीत होतं, स्वतः बाईंना होतंच. तुमच्यापैकी कुणाला कार्ड लपवायचं असतं तर दुसऱ्या कुठल्याही खणात टाकलं असतं, पण त्या सकाळी त्या डब्यात नक्कीच नाही. म्हणजे लपवणारा माणूस सोमवारच्या बैठकीला नव्हता. आणि बुधवारी दहाला मात्र इथे होता.”

त्यांनी हजेरीचं रजिस्टर उघडून सगळ्यांकडे वळवलं. गुरुवारच्या रकान्यात, पत्रबाईंच्या नावापुढे, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: ‘न कळवता गैरहजर.’

“न कळवता!” पत्रबाई उसळल्या. “मी सगळ्यांदेखत सांगितलं होतं! कुणी लिहिलं हे?”

सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या.

“गाल अजून सुजलाय. दाढ बैठकीच्या सोमवारीच काढली ना, नाना?” मोजणीबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “बुधवारी तुम्ही मला दारात पाच मिनिटं थांबवलंत. नाव लिहा, हुद्दा लिहा, कारण लिहा. पेन चालत नाही म्हणून दुसरं आणायला आत गेलात. मला वाटलं, काय शिस्तीचा माणूस आहे.”

नाना बराच वेळ टेबलावरची धूळ बोटाने पुसत राहिले. धूळ नव्हतीच.

“डबा टेबलावर का आला होता ते मला त्या वेळी सुचलंच नाही,” ते शेवटी म्हणाले.

“खिशात का नाही घातलंत कार्ड? कुणाला कधी कळलं नसतं.”

नाना दुखावल्यासारखे दिसले. “खिशात? ती चोरी झाली असती. रुग्णाचं कार्ड कचेरीबाहेर न्यायचं नाही, नियम आहे. डब्यात ठेवलं म्हणजे ते जागेवरच होतं.”

थोरल्या सिस्टरना तेवढ्यातही हसू आलं. मोजणीबाईंना आलं नाही, कारण हे खोटं बोलताना नियम पाळणं त्यांना फार ओळखीचं वाटलं.

६

“तेरावा घेतलाच का?” त्यांनी विचारलं.

“एकोणीस वर्षं मी फोन उचलतोय,” नाना म्हणाले. “‘जागा आहे का हो?’ ‘नाही.’ ‘आईला फार त्रास होतोय हो.’ ‘जागा नाही.’ फोनवर जमतं ते. पण मास्तरांच्या ताई फोन न करता सरळ आल्या. या खुर्चीवर बसल्या आणि काही बोलल्याच नाहीत. तोंडावर नाही म्हणणं मला जमलं नाही. डॉक्टरांपुढे कागद सरकवला. धाकट्या सिस्टरना म्हटलं, सांभाळून घे पोरी.” त्यांनी मान वर केली. “तुम्ही बाराचा आकडा कुठून काढलात, बाई? तेराव्याला दुखत नाही का? एकाने असा काय फरक पडतो?”

या नोकरीच्या आधी मोजणीबाई स्वतः अशाच सिस्टर होत्या. त्यांच्याकडे तेव्हा एकोणीस घरं होती. त्यातली एक बाई दुपारपासून त्यांची वाट बघत तळमळत राहिली आणि त्या संध्याकाळी पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. त्या बाईचा नवरा त्यांना एक शब्दही बोलला नव्हता. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना अजून वाटे.

“तेराव्याला दुखतं,” त्या म्हणाल्या. “पण त्याला घेतलं की बारांतल्या कुणाचं तरी दुखणं उशिरा थांबतं. तो कोण, ते आपल्याला दिसत नाही. तेराव्याचं मात्र दिसतं.”

“हे पुस्तकातलं झालं,” नाना म्हणाले. त्यांना पटलं नव्हतं, आणि ते लपवण्याइतके ते आता घाबरलेले नव्हते.

फोन वाजला. सवयीने नानांनीच उचलला. पलीकडून धाकट्या सिस्टरांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. बसस्थानकाजवळच्या घरातल्या आजी गेल्या. तीन वाजून दहा मिनिटांनी. त्रास झाला नाही. मुलगी हात धरून होती, आणि सिस्टरही वेळेवर पोचल्या होत्या.

“बरं,” नाना म्हणाले. “लिहून घेतो.” त्यांनी फोन ठेवला आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “म्हणजे आता बारा झाले! बाई, आता मोजा, बरोबर बारा. सही करायला काही अडचण...”

आणि ते मध्येच थांबले.

डॉक्टरांनी खाली पाहिलं. पत्रबाईंनी रुमाल तोंडाला लावला. नाना फोनकडे बघत राहिले, जणू मघाचं ते तिथूनच कुणीतरी बोललं होतं.

“मला आनंद झाला,” ते हळूच म्हणाले. “आजी गेल्या आणि मला आनंद झाला. बाई, मी चार महिने त्यांच्या मुलीशी रोज फोनवर बोलतोय. ती मला काका म्हणते.” त्यांनी फोन लांब सरकवला. “हेही लिहा तुमच्या अहवालात.”

“नाही,” मोजणीबाई म्हणाल्या. “ते फक्त आपल्यात राहील. फरक काय पडतो म्हणून विचारत होतात ना, नाना? तेरा असले की कुणाच्या तरी मरणाची वाट बघितली जाते. भल्या माणसांकडूनसुद्धा. मुळात भल्या माणसांकडूनच.”

नानांनी मान हलवली. त्यांना आता पटलं होतं, आणि ते पटलं नसतं तर बरं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

साडेचारला मोजणीबाईंनी अहवाल लिहायला घेतला. बुधवारी धाकट्या सिस्टरांकडे रुग्ण तेरा होते, हे त्यांनी लिहिलं. आपण माणसं न मोजता कार्डं मोजली आणि चुकलो, हेही स्वतःच्या नावाने लिहिलं. ‘चुकले’ हा शब्द लिहिताना त्यांचं अक्षर जरा बिघडलं, पण त्यांनी खोडलं नाही. परवाना पूर्ण मुदतीचा नाही, साठ दिवसांचा. तेवढ्यात तिसरी सिस्टर नेमायची, पगाराची सोय डॉक्टरांनी करायची, आणि इथून पुढे भरतीच्या कागदावर रुग्ण मोजूनच सही करायची. तोवर नवीन रुग्ण नाही. आत्ता जे आहेत त्यांतला एकही कमी करायचा नाही, मास्तर धरून. आणि मास्तरांची माफी नानांनी घरी जाऊन मागायची.

पाचाला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी सही केली आणि शिक्का मारला. ताईंना फोन त्यांनी स्वतःच केला. “उद्या सिस्टर येतील,” एवढंच म्हणाल्या. पलीकडे ताई रडल्या आणि मागून मास्तर काहीतरी थट्टा करत असल्याचं ऐकू आलं.

मग त्यांनी पिशवीतून एक कोरा कागद काढून नानांपुढे ठेवला.

“आणखी एक अट आहे. ज्यांना तुम्ही जागा नाही म्हणून सांगता, त्यांची नावं दर महिन्याला माझ्याकडे यायला हवीत. खात्याकडे फक्त घेतलेल्यांचा आकडा येतो. नाही म्हटलेल्यांचा कधी आलाच नाही. तो टेबलावर आला, तर सिस्टर वाढवून मागताना माझ्या हातात काहीतरी असेल. आणि ते ‘नाही’ एकट्या तुमच्या कानात राहणार नाही.”

“या महिन्यापासून?”

“या वर्षापासून लिहा. आठवतील तेवढी.”

नानांनी पेन उघडलं. त्यांनी एकही रजिस्टर काढलं नाही. पहिलं नाव लिहिलं, त्यापुढे आजार, त्यापुढे फोन कुणी केला होता ते: मुलगा. मग दुसरं नाव, सून. मग तिसरं, शेजारी. ते कुठेही अडखळले नाहीत. थोरल्या सिस्टरनी दिवा लावला. पान भरलं तरी नानांचा हात थांबला नाही, तेव्हा मोजणीबाईंनी न बोलता दुसरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.